कोपराला लावलेला गूळ

सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराने २००४ साली एक आजार मराठी घराघरात पोहोचवला. ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या दौऱ्यावर कोपर दुखू लागले, इंग्लंडमधली चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या बंगळुरू आणि चेन्नईच्या कसोट्या हुकल्या. नागपूरला तो परतला, पण दुखणे हटले नाही आणि मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा उतरला तोही नागपुरातच, आणि श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून गेला. तेव्हापासून ‘टेनिस एल्बो’ हे नाव सर्वतोमुखी झाले, पण त्याबरोबर एक गैरसमजही पसरला. नावात खेळ असल्यामुळे हा खेळाडूंचा, म्हणजे पर्यायाने ज्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि फिजिओ असतात त्यांचा आजार ठरला. वास्तविक हा आजार त्या खेळाहून जुना आहे. रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टराने १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले ते लेखणी चालवणाऱ्यांच्या हाताबद्दल लिहिताना. लॉन टेनिसचे पेटंट निघाले ते त्यानंतर, १८७४ मध्ये. आणि ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कोपराला टेनिसचे नाव चिकटले १८८३ मध्ये. कारकुनाचे दुखणे दहा वर्षांत साहेबाच्या नावावर चढले, असे म्हणायला हरकत नाही.

प्रौढांमध्ये शंभरात एक ते तीन जणांना हे दुखणे असते, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या वयात आणि बहुधा कामाच्या हातात. त्यांतल्या बहुसंख्यांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. दिवसभर कात्री चालवणारा शिंपी, स्क्रू पिळणारा सुतार, पाना आवळणारा प्लंबर, पोळी-भाजी केंद्रात शेकड्याने पोळ्या लाटणारी बाई, चार घरची धुणीभांडी आणि लादी करणारी मावशी, कोयता चालवणारे ऊसतोड कामगार अशी ही खरी यादी आहे. या सगळ्यांच्या बाबतीत आपण एकच चूक सातत्याने करतो. हे दुखणे आपण आग समजतो आणि ती विझवायला सुई शोधतो. ते मुळात ताकद आणि भार यांच्या हिशेबातली तूट आहे. ती तूट इंजेक्शनने भरून निघत नाही, उलट वाढू शकते, याचा पुरावा आता वीस वर्षांहून जुना झाला आहे. तरीही औषधोपचाराची आणि कामाची आपली पद्धत बदललेली नाही, हे माझ्या तक्रारीचे मूळ.

पुरावा समजून घेण्याआधी हाताची रचना पाहावी लागेल. उजव्या हाताची मूठ आवळा आणि डाव्या हाताची बोटे कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला ठेवा. मूठ तर आतल्या स्नायूंनी वळते, मग बाहेरचा स्नायू का ताठ होतो? कारण मनगट किंचित मागे धरल्याशिवाय मुठीत जोर येत नाही. मनगट मागे धरून ठेवण्याचे काम बाहेरच्या स्नायूंचे आहे, आणि ते सगळे मिळून कोपराच्या बाहेरच्या हाडावर करंगळीच्या पेराएवढ्या जागेत बांधलेले आहेत. म्हणजे आपण जे जे घट्ट पकडतो, बादलीची कडी असो, लाटणे असो की बॅटची मूठ, त्याचा ओढा या एवढ्याशा जागेवर येतो. स्नायू हाडाला बांधणारा हा पांढरा चिवट दोर म्हणजे कंडरा, डॉक्टरांच्या भाषेत टेंडन. स्नायूला रक्त भरपूर मिळते, कंडरेला बेताचे. त्यामुळे स्नायू काही आठवड्यांत दणकट होतो, कंडरेला महिने लागतात. शिवाय जोराच्या कामानंतर पहिले २४ ते ३६ तास कंडरेत घडणीपेक्षा मोड जास्त होते आणि त्यानंतर ती भरून निघू लागते, असे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवले आहे. भरपाईचा वेळ मिळाला तर दोर पहिल्यापेक्षा मजबूत होतो. रोज, त्याच जागी, तेवढाच ओढा बसत राहिला तर तोच दोर विसविशीत होतो. कोपराच्या आतल्या हाडाशी हेच घडले की त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. नाव पुन्हा श्रीमंती खेळाचे, पण तो होतो भालाफेक करणाऱ्याला आणि हातोडा चालवणाऱ्यालाही.

‘आत सूज आली आहे’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाने ऐकलेले असते. त्या वाक्यातच घोटाळा आहे. आजाराच्या जुन्या वैद्यकीय नावाचा शेवट दाह सुचवणारा, आणि दाह म्हटला की दाह शमवणारे औषध, म्हणजे स्टिरॉइड, ओघानेच आले. पण रॉबर्ट निर्शल या अमेरिकन शल्यविशारदाने शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले तेव्हा, १९७९ च्या सुमारास, चित्र वेगळे निघाले. दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्या. होते ते विस्कटलेले तंतू, अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीच्या खुणा आणि भलत्याच ठिकाणी फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. अलीकडे काही संशोधक सांगतात की अगदी सुरुवातीच्या टप्प्यात थोडा दाह असू शकतो. असेलही. पण महिनोन् महिने रेंगाळलेल्या कोपरात मुख्य भानगड झिजेची आणि फसलेल्या दुरुस्तीची असते, यावर आता फारसा वाद नाही.

मग स्टिरॉइडच्या इंजेक्शनने आराम कसा पडतो? पडतो, आणि झपाट्याने पडतो. हे नाकारणे अप्रामाणिक ठरेल. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १८५ रुग्णांचे तीन गट केले: एकाला इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि थांबा-पाहा. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के बरे, फिजिओथेरपीचे ४७ आणि नुसते थांबलेल्यांचे ३२. इथे गोष्ट संपली असती तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. वर्षानंतर मोजले तेव्हा इंजेक्शनवाले ६९ टक्क्यांवर घसरले होते, फिजिओथेरपीचे ९१ वर आणि काहीच न केलेले ८३ वर पोहोचले होते. एखाद्याला हा योगायोग वाटेल, म्हणून २००६ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग पाहावा: इंजेक्शनने आधी बरे झालेल्या ६५ जणांपैकी ४७ जणांचे दुखणे पुन्हा उसळले. २०१३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी १६५ रुग्णांवर आणखी कडक परीक्षा घेतली. निम्म्यांना स्टिरॉइड, निम्म्यांना नुसते खारे पाणी, आणि कोणाला काय टोचले ते रुग्णाला माहीत नाही. वर्षअखेरीस खाऱ्या पाण्याचे ९६ टक्के बरे, स्टिरॉइडचे ८३. दुखणे उलटण्याचे प्रमाण खाऱ्या पाण्यात १२ टक्के आणि स्टिरॉइडमध्ये ५४. कोपराला गूळ लावणे हा वाक्प्रचार मराठीत फार जुना आहे. गोडी दिसते, वास येतो, पण जीभ तिथे पोहोचत नाही. या सुईचे वर्णन करायला वेगळे शब्द शोधायची गरज नाही.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप डॉक्टरांकडून नव्हे, रुग्णाकडून येतो, आणि तो बुद्धीला पटणारा आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला वर्षअखेरीचा आकडा काय कामाचा? त्याला उद्या सकाळी कामावर जायचे आहे. सहा आठवड्यांचा आराम म्हणजे सहा आठवड्यांची मजुरी. हा हिशेब मला चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो. दुखणे हा त्या कोपराचा एकमेव पहारेकरी असतो. सुईने पहारेकरी झोपतो, दोर मात्र तसाच विसविशीत राहतो; आणि माणूस दुसऱ्याच दिवशी पूर्ण भार घेऊन कामाला लागतो. शिवाय स्टिरॉइड स्वतःच कंडरेच्या पेशींना कमजोर करते. म्हणजे ज्याला कामावर जाणे सर्वांत भाग आहे, त्याच्याच बाबतीत ही सुई सर्वांत महाग पडते. सहा आठवड्यांची मजुरी वाचते आणि पुढचे कित्येक महिने अधूनमधून बुडत राहते. एखाद्याला खरोखरच ठरावीक थोड्या दिवसांसाठी आराम हवा असेल आणि हा सगळा हिशेब समजावून सांगितल्यावर त्याने इंजेक्शन निवडले, तर तो त्याचा अधिकार. आक्षेप आहे तो न सांगता टोचण्यावर, आणि पहिली उतरली की दुसरी, दुसरी उतरली की तिसरी टोचण्यावर.

शहरांत आता गुळाच्या जागी साखर आली आहे. रुग्णाचे स्वतःचे रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग कोपरात टोचतात. पीआरपी नावाने ते बऱ्याच जाहिरातींत दिसते आणि खिसा चांगलाच हलका करते. उपचारांच्या पुराव्यांचा छडा लावणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये ३२ प्रयोग आणि दोन हजारांहून अधिक रुग्ण एकत्र पाहिले. खोट्या इंजेक्शनपेक्षा त्याचा विशेष फायदा बहुधा नाही, असा निष्कर्ष निघाला. शस्त्रक्रियेबद्दल सचिनचे उदाहरण हमखास पुढे येते: तो बरा झाला ना? झाला. पण शस्त्रक्रियेपाठोपाठ त्याने कित्येक महिने बॅट खाली ठेवली आणि ताकद टप्प्याटप्प्याने परत मिळवली; त्यातले श्रेय चाकूचे किती आणि त्या महिन्यांचे किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात २६ रुग्णांवर हाच प्रश्न तपासला गेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची खरी शस्त्रक्रिया, निम्म्यांची फक्त त्वचा कापून शिवली. दोन्ही गट सारखेच सुधारले. आकडा लहान आहे, त्यावरून शस्त्रक्रिया कधीच नको असे म्हणता येणार नाही. सहा महिने ते वर्षभर सगळे करून थकलेल्या थोड्यांसाठी तो दरवाजा राहील. पण तो शेवटचा दरवाजा आहे.

आता व्यायामाची बाजू घेणाऱ्यांनीही एक गोष्ट कबूल करायला हवी. वर वर्षअखेरीचे आकडे दिले त्यात नुसते थांबलेले लोकही फार मागे नाहीत. २०१३ च्या प्रयोगात काहींना फिजिओथेरपीही दिली होती; तिने पहिल्या चार आठवड्यांत फरक पडला, वर्षाच्या शेवटी तो उरला नाही. तेव्हा फिजिओथेरपिस्टच्या खुर्चीवर बसून महिनाभर शेक आणि विजेच्या मुंग्या घेणे म्हणजे उपचार, असे मी म्हणणार नाही. त्या यंत्रांचा पुरावा तर फारच तोकडा आहे. मुद्दा असा की बहुतेकांचे कोपर वर्षभरात आपणहून सुधारते, पण ते वर्ष जगायचे कसे आणि सुधारलेले कोपर पुन्हा त्याच कामाला जुंपल्यावर टिकायचे कसे, हे दोन प्रश्न उरतात. त्यांचे उत्तर मोजून वाढवलेल्या भारात आहे. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. मुठीत पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे अर्धा किलो. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलायचे आणि दुखऱ्या हाताने ते सावकाश, चार-पाच आकडे मोजत खाली सोडायचे. फार दुखत असेल तर आधी मनगट नुसते स्थिर धरून ठेवायचे. दहा-पंधरा वेळा, दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर कालचा भार जास्त झाला असे समजायचे आणि कमी करायचा. एक-दोन आठवड्यांनी बाटलीची लिटरची होते, मग पिशवीत तांदूळ. बारा आठवड्यांचे हे कंटाळवाणे काम आहे, आणि त्याचा कंटाळवाणेपणा हाच त्याचा खरा शत्रू. कोपराखाली दोन बोटांवर बांधायचा पट्टा कामाच्या वेळी काहींना थोडा आधार देतो. दुखण्याचे मलम काही दिवस चालते. मात्र बोटांना मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, सांधा अडकत किंवा सुजत असेल, ताप असेल, तर हे वेगळेच काही असू शकते आणि त्याला डॉक्टरच लागतो.

‘दिवसभर हातच तर चालतो, त्याला आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न कष्टकऱ्यांकडून नेहमी येतो आणि त्यात थट्टा असली तरी तर्क आहे. कामात आणि व्यायामात श्रम सारखे असतात, फरक असतो मोजमापाचा. व्यायामात भार अर्ध्या किलोचा असतो आणि एक दिवसाआड असतो. कामात भार कालच्याइतकाच किंवा गिऱ्हाईक म्हणेल तेवढा असतो, आणि सुट्टी नसते. कंडरेला लागणारे ते २४ ते ३६ तास कामाच्या वेळापत्रकात कुठेच बसत नाहीत. अचानक वाढलेला भार त्याहून वाईट: लग्नसराईत शिंप्याचे, दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या बाईचे, मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा कामावर रुजू झालेल्याचे कोपर धरते ते याचमुळे. वय, मधुमेह, धूम्रपान यांचाही हात असतो, हे खरे. पण त्यांनी दोर कच्चा होतो, तुटेपर्यंत ओढतो तो भारच.

खेळात हे शहाणपण बरेच आधी पोहोचले. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या बेसबॉल लीगने २००७ पासून वयानुसार चेंडूफेकींची संख्या बांधून दिली, कारण फेकणाऱ्या पोरांची कोपरे निकामी होत होती. आपल्याकडेही वेगवान गोलंदाजांची षटके मोजली जातात. ज्याची मोजदाद होत नाही तो आहे शनिवार-रविवारचा खेळाडू. आठवडाभर संगणकाच्या उंदरावर ठेवलेला हात रविवारी सोसायटीच्या कोर्टवर सलग तीन तास स्मॅश मारतो, किंवा जिममध्ये लटकून शरीर वर खेचतो. सोमवारी कोपर बोलते आणि दोष रॅकेटला जातो. नवशिक्याचा बॅकहँड मनगट वाकवून मारला जातो, मुरलेला खेळाडू मनगट ताठ ठेवतो आणि जोर खांद्यातून आणतो. तेव्हा एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडून चार दिवस बॅकहँड शिकणे महागड्या रॅकेटपेक्षा स्वस्त पडते. बॅडमिंटनमध्ये मूठ सैल ठेवून फक्त फटक्याच्या क्षणी आवळायची असते. आपण सर्व्हिसपासूनच गळा आवळल्यासारखी धरतो. मुठीच्या जाडीबद्दल दुकानदार जेवढ्या खात्रीने बोलतात तेवढा पुरावा मात्र कुणाकडे नाही.

कामाच्या जागी खेळाइतकीही मोजदाद नाही, आणि तिथेच रुग्ण सर्वाधिक आहेत. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये उपलब्ध अभ्यास चाळून काढलेला निष्कर्ष आजही उपयोगाचा आहे: नुसती पुनरावृत्ती कोपर बिघडवते याला पुरेसा पुरावा नाही, पण जोर, पुनरावृत्ती आणि वाकडे मनगट एकत्र आले की पुरावा भक्कम. ही फार आशादायक गोष्ट आहे. काम बंद करायची गरज नाही, तिघांतला एक घटक कमी केला तरी साखळी ढिली पडते. धार लावलेली कात्री, जाड मुठीचा पेचकस, बॅटरीवर चालणारा ड्रिल हे जोर कमी करतात. परात उचलताना तळवा वर करून दोन्ही हातांनी उचलली तर बाहेरच्या कंडरेवरचा ओढा हलका होतो. ओली चादर हाताने पिळण्याऐवजी तारेवर निथळू देता येते. लाटणाऱ्या हाताला तासाने दुसरे काम देता येते. यातल्या कशालाही डॉक्टर लागत नाही, पण बहुतेक गोष्टींना मालकाची संमती लागते.

आणि संमती कायद्याच्या धाकाशिवाय सहसा मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये व्यावसायिक आजारांची यादी सुधारली तेव्हा जोराच्या आणि पुनःपुन्हा करायच्या कामामुळे होणारे कोपराचे हे दुखणे त्यात स्पष्टपणे घातले. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टातली रोगांची यादी शिसे, पारा, सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉस, आवाजाने येणारे बहिरेपण यांच्याबद्दल बोलत होती. कंडरेबद्दल अवाक्षर नव्हते. यादीत घातले तर जो तो कोपर धरून भरपाई मागेल, असा आक्षेप येईल. पण ज्या गोष्टीची नोंदच नाही तिचे खोटे दावे किती आणि खरे किती, हे तरी कसे कळणार? आणि धुणीभांडी करणारी मावशी किंवा ऊसतोड कामगार तर कारखान्याच्या व्याख्येतच येत नाहीत. उसाच्या फडात मजुरी टनावर असते आणि एक दिवस चुकला तर तो खाडा. मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो. अशा ठिकाणी ‘हाताला विश्रांती द्या’ असे चिठ्ठीवर लिहिणे म्हणजे त्या चिठ्ठीची थट्टा. आजारपणाच्या खाड्याचा दंड रद्द करणे आणि काही दिवस तोडणीऐवजी मोळ्या बांधण्यासारखे त्यातल्या त्यात हलके काम देणे, हाच तिथला उपचार, आणि तो मुकादम आणि साखर कारखाना मिळूनच लिहून देऊ शकतात. शहरातल्या घरांत तेवढीही गुंतागुंत नाही. हाताने फडके पिळून लादी पुसायला लावण्याऐवजी पायाने दाबून पिळायची बादली आणि लांब दांड्याचा मॉप आणायचा, आणि चादरी, पडदे, पायपुसणी एकाच दिवशी काढून ठेवायची नाहीत.